पॅकिंगच्या कचऱ्याचा हिशेब: एका आठवड्यात, घरच्या घरी

किराणा आला, डबे भरून झाले की ओट्यावर वेष्टणांचा एक ढीग उरतो. डाळीची पिशवी, रव्याची पिशवी, साबणाच्या वडीचा कागद, बिस्किटांचं चकचकीत पाकीट, तेलाची बुळबुळीत पिशवी. पाच मिनिटांत तो सुक्या कचऱ्याच्या डब्यात जातो आणि घरापुरता विषय संपतो. हा लेख त्यापुढचं पाहण्यासाठी आहे. ज्यांनी आजवर कचऱ्याकडे कधी नीट पाहिलेलं नाही, पण पाहायची इच्छा आहे, त्यांनी एका आठवड्यात घरच्या घरी करायचं हे काम आहे. लागणाऱ्या वस्तू घरातच असतात: तांदळाचं रिकामं पोतं किंवा मोठी गोणी, जुनी वर्तमानपत्रं, स्वयंपाकघरातला वजनकाटा (नसला तरी अडत नाही), वही-पेन आणि रविवारचा एक तास.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. ‘प्लॅस्टिक वाईट, कागद चांगला, काच त्याहून चांगली’ हे माप हिशेबात फारसं टिकत नाही. दुधाची पिशवी प्लॅस्टिकची आणि कुरकुरीत चिप्सचं पाकीटही प्लॅस्टिकचं. पण धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी भंगारवाला वजनावर घेतो, चिप्सचं पाकीट फुकट दिलं तरी परत करतो. पर्यावरणाच्या दृष्टीने या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून प्रत्येक वेष्टण हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा: ‘हे पुढे कोण घेईल?’ बाकीचा सगळा हिशेब या प्रश्नाच्या उत्तराभोवती फिरतो.

पायरी १: आठवडाभर काहीही टाकू नका

सोमवार ते रविवार, घरात येणारं प्रत्येक वेष्टण गोणीत टाका. प्रत्येक म्हणजे खरोखर प्रत्येक. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, शाम्पूची पुडी, कुरिअरची करडी पिशवी आणि तिच्या आतली फुग्यांची शीट, पार्सलच्या आमटीचा डबा, चॉकलेटचा कागद, नव्या शर्टाच्या कॉलरखालची प्लॅस्टिकची पट्टी. ऑफिसात किंवा कॉलेजात जे फेकलं जातं तेही जमलं तर खिशात घालून घरी आणा. ओला कचरा, डायपर, सॅनिटरी पॅड यांचा या गोणीशी संबंध नाही. ते नेहमीसारखे वेगळे जाऊ द्या.

गोणीत जाणारी वस्तू कोरडी हवी. नाहीतर तिसऱ्या दिवशी घरात वास सुटतो आणि घरातली मंडळी प्रयोग तिथेच बंद पाडतात. त्यासाठी दोन वस्तूंची सवय लावून घ्यावी लागते.

पहिली दुधाची पिशवी. ती कापताना आपण कोपऱ्याचा एक बारीक त्रिकोण उडवतो आणि तो सिंकमध्ये नाहीतर ओल्या कचऱ्यात जातो. एवढा छोटा तुकडा वेचणारं कुणी नसतं. तो ओल्या कचऱ्याबरोबर खताच्या खड्ड्यात पोहोचतो आणि खत चाळताना शेवटपर्यंत छळतो. कोपरा पूर्ण तोडू नका. कात्रीची फक्त एक चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकत राहू दे. पिशवी रिकामी झाली की तीत थोडं पाणी घालून खळखळवा आणि ते पाणी चहाच्या आधणात किंवा झाडाला घाला. मग पिशवी उभी कापून, उलगडून ओट्यामागच्या टाइलवर चिकटवा. ओली असते तोवर छान चिकटते आणि वाळली की आपोआप खाली पडते. आपल्याकडच्या कितीतरी आज्या हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. फरक इतकाच की त्यांना त्या पिशव्यांचे चार पैसे हवे असायचे.

दुसरी तेलाची किंवा तुपाची पिशवी. तेल ओतल्यावर ती उलटी करून भांड्यावर रात्रभर टांगा. सकाळी तिन्ही बाजूंनी कापून उघडा आणि आतून मूठभर कणीक चोळा. उरलंसुरलं तेल कणकेत उतरतं, ती कणीक पोळ्यांच्या पिठात जाते आणि पिशवी बरीच कोरडी होते. साबण घालून दोन तांबे पाणी घालवण्यापेक्षा हे बरं. एकूणच वेष्टणं धुवायला ताजं पाणी वापरू नका. भांडी विसळलेलं पाणी पुरतं. ज्यांच्या सोसायटीत मार्चपासून टँकर सुरू होतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पायरी २: रविवारी ढीग लावा

गॅलरीत किंवा हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरा, गोणी उलटी करा. घरातल्या लहान मुलांना हाताशी घ्या; या कामात ती मोठ्यांपेक्षा तरबेज निघतात. आता तीन ढीग.

पहिला ढीग: भंगारवाला पैसे देऊन घेईल अशा वस्तू. पुठ्ठ्याचे खोके, वर्तमानपत्र, पाण्याच्या-सरबताच्या बाटल्या, शाम्पू-फिनाइलच्या जाड बाटल्या, टिनचे डबे, अ‍ॅल्युमिनियमचे कॅन, स्वच्छ दुधाच्या पिशव्या. अ‍ॅल्युमिनियमला भंगारात मान असतो, त्याला कारण आहे. खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुनं वितळवून पुन्हा वापरता येतं.

दुसरा ढीग: घेणारा सापडला तर जाईल, नाहीतर नाही. डाळ-रव्याच्या पातळ पारदर्शक पिशव्या, पार्सलचे डबे, फुग्यांची शीट, काचेच्या बरण्या, सरबत-दुधाची कागदी चौकोनी खोकी. या खोक्यांत साधारण तीन चतुर्थांश जाड कागद असतो, बाकी प्लॅस्टिकचे थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. ते वेगळे करणारी यंत्रणा मोजक्या कारखान्यांकडे असते, म्हणून वेगळं संकलन होत असेल तरच ही खोकी मार्गी लागतात.

तिसरा ढीग: कुणीच घेत नाही. चिप्स-फरसाण-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, शाम्पू-सॉसच्या पुड्या, गोळ्यांच्या पट्ट्या, थर्माकोल, कागदी कप, तेलकट पिझ्झाचा खोका, चिकटपट्टी आणि लेबलांनी भरलेली कुरिअरची पिशवी, दुकानाच्या बिलाचा गुळगुळीत कागद.

कोणती वस्तू कुठे टाकायची हे कळेनासं झालं तर दोन कसोट्या पुरतात. पाकीट मुठीत घट्ट चुरगाळा आणि मूठ उघडा. चुरगळलेलंच राहिलं तर तो निव्वळ अ‍ॅल्युमिनियमचा कागद असण्याची शक्यता जास्त. हळूहळू फुलून पुन्हा पसरलं तर ते थरांचं पाकीट: प्लॅस्टिकचे दोन-तीन पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले आणि त्यांच्या पोटात धातूचा अतिशय पातळ मुलामा. हे थर पुन्हा वेगळे करणं परवडत नाही, म्हणून ते तिसऱ्या ढिगात.

दुसरी कसोटी तळाशी असलेल्या त्रिकोणातल्या आकड्याची. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, २ म्हणजे शाम्पूच्या जाड बाटलीचं, ४ म्हणजे मऊ पिशवीचं, ५ म्हणजे पार्सलच्या डब्याचं. या चौघांना बाजार आहे, वस्तू स्वच्छ असेल तर. ३ म्हणजे पीव्हीसी (नळाच्या पाइपांचं प्लॅस्टिक), ६ मध्ये थर्माकोल येतो आणि ७ म्हणजे ‘इतर’, ज्यात थरांची पाकिटंही मोडतात. त्रिकोण छापलेला आहे म्हणजे पुनर्वापर होणारच, असा त्याचा अर्थ नाही. तो फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की कंपन्यांनाही तो मोडायची घाई दिसत नाही.

थर्माकोलचं एक विशेष. वितळवून त्याचा पुन्हा माल करता येतो, तरीही भंगारवाला हात लावत नाही, कारण त्यात बहुतेक हवाच असते. टेम्पो भरून नेला तरी वजन किलोंमध्येच भरतं आणि डिझेलचे पैसेही सुटत नाहीत.

पायरी ३: वजनही लिहा, नगही मोजा

प्रत्येक ढिगाचं वजन करा आणि नगही मोजा. फक्त वजन केलंत तर लोणच्याची एक काचेची बरणी सगळ्यांवर मात करेल आणि चिप्सची सगळी पाकिटं मिळून काटा जेमतेम हलेल. वजनावरून बोध घ्यायचा तर बरणी गुन्हेगार आणि पाकिटं निर्दोष ठरतात. प्रत्यक्षात बरणी धुऊन पुढची दहा वर्षं घरात मेतकूट किंवा चिंच भरायला येईल.

वहीत तीन ढिगांचे तीन रकाने करा. तिसऱ्या रकान्यात वस्तू नावानिशी लिहा: बिस्किट ११, शाम्पू पुडी ७, कुरिअर ३ असं. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्हाला दिसतीलच. महिनाभराने हाच रकाना पुन्हा लागणार आहे.

पायरी ४: ढीग घराबाहेर पडल्यावर कुठे जातो

इथे थोडं थांबून वाचा. घरबसल्या दिसत नाही तो भाग हाच आहे.

पहिल्या ढिगाचा प्रवास माणसांच्या हातांतून होतो. पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या सभासद ताई दारोदार कचरा गोळा करतात, रस्त्याकडेला किंवा शेडमध्ये बसून तो वेगवेगळा करतात आणि विकता येण्याजोगा माल भंगारच्या दुकानात विकतात. ती विक्री हा त्यांच्या कमाईचा भाग आहे. म्हणजे आपण पुठ्ठ्यावर उरलेली आमटी सांडून दिली तर कागदाच्या गिरणीचं नुकसान नंतर होतं, आधी ताईंच्या दिवसाच्या कमाईतून ते कापलं जातं. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये हाच माल पुढच्या टप्प्याला जातो: रंगानुसार, जातीनुसार निवडणं, तुकडे करणं, धुणं, वितळवून दाणे पाडणं. त्या दाण्यांपासून पुढे पाइप, बादल्या, खुर्च्या होतात. पाण्याच्या बाटलीचा धागा होऊन तो उशीत किंवा टी-शर्टात जातो. बाटलीची पुन्हा बाटली होणं त्यामानाने कमी. दर फेरीत माल एकेक पायरी खाली उतरतो. तरीही जेवढ्या फेऱ्या मिळतात तेवढं नवं प्लॅस्टिक कमी लागतं, आणि नवं प्लॅस्टिक म्हणजे खनिज तेल आणि वायू.

आता तिसऱ्या ढिगाकडे या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने १९५० ते २०१५ या काळातल्या सगळ्या प्लॅस्टिक कचऱ्याचा हिशेब मांडला. त्यातला सुमारे ९ टक्के पुनर्वापरात गेला, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के डेपोंमध्ये किंवा उघड्यावर पडून आहे. प्लॅस्टिकचा सर्वांत मोठा वापर वेष्टणांसाठीच होतो. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०१९-२० या एका वर्षात देशात सुमारे ३५ लाख टन प्लॅस्टिक कचरा निर्माण झाला.

पडून राहिलेल्या कचऱ्याचं काय होतं, ते पाहायला लांब जावं लागत नाही. मुंबईचं देवनार क्षेपणभूमीचं मैदान १९२७ पासून कचरा पोटात घेतंय. २०१६ च्या जानेवारीअखेरीस तिथे लागलेल्या आगीचा धूर अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वेशीवर पडत आला. तिथल्या विहिरींची आणि हवेची काय अवस्था झाली, ते तिथल्या लोकांनी पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरून सांगितलंय. पेठांतल्या किंवा कोथरूडच्या घरातून निघालेलं पाकीट त्यांच्या अंगणात पोहोचतं, एवढं तरी आपण लक्षात ठेवायला हवं.

अशा आगी लागतात कशा? ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकला की आत हवा जात नाही. हवेविना कुजताना मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, आणि पेटही घेतो. वर थरांच्या पाकिटांचं जळण आयतंच असतं. त्यामुळे वेष्टणाचा कचरा आणि ओला कचरा एकत्र झाला की दोघंही बिघडतात: ओल्याचं खत होत नाही, सुक्याला गिऱ्हाईक मिळत नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचा कायदा आहे तो याच कारणासाठी. हीच गाठ मारलेली पिशवी रस्त्यावरच्या गायीने खाल्ली तर प्लॅस्टिक तिच्या पोटात साठून राहतं. तिला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते.

नाल्यांचं वेगळं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसात शहर तुंबलंच असतं. पण गटारं आणि नाले पातळ पिशव्यांनी बुजलेले होते, ही गोष्ट तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली. त्यानंतर राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने तर प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगच बंद केल्या. त्याच अधिसूचनेत रिकामी दुधाची पिशवी परत दिली की ५० पैसे मिळावेत अशीही तरतूद होती. कल्पना चांगली होती. गल्लीतल्या डेअरीवर ती काही रुजली नाही.

नाल्यातून नदीत, नदीतून खाडीत गेलेलं प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होतं आणि त्याचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. ते माशांत, मिठात, पिण्याच्या पाण्यात सापडलेलं आहे. माणसाच्या शरीरावर त्याचा नेमका परिणाम किती, यावर संशोधन चालू आहे. त्यामुळे त्यावरून घाबरवणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुढे ढकलू नका.

गावाकडच्या वाचकांसाठी एक सूचना ठळकपणे: घंटागाडी येत नाही म्हणून परड्यात कचरा पेटवू नका, आणि आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी वापरू नका. पिशवी पटकन पेट घेते हे खरं, पण उघड्या आगीत ती पूर्ण जळत नाही, तिची काजळी आणि विषारी वायू बंबाजवळ बसलेल्याच्या छातीत जातात. त्यात पीव्हीसी असेल तर डायॉक्सिनसारखी घातक रसायनं तयार होतात. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे. दंडापेक्षा शेजारच्या लेकराचा खोकला जास्त महाग पडतो.

पायरी ५: वेष्टण बनताना काय खर्च झालं

कचऱ्यापर्यंतचा अर्धा हिशेब झाला. उरलेला अर्धा वस्तू घरात येण्याआधीचा आहे, आणि इथे आपल्या बऱ्याच समजुतींना धक्का बसतो.

काच सुमारे १,५०० अंशांवर वितळवावी लागते आणि ती जड असते, म्हणून ट्रकचं डिझेलही जास्त लागतं. एकदा वापरून फेकलेली काचेची बाटली प्लॅस्टिकपेक्षा सहज महाग पडू शकते. तीच बाटली सोडावाल्याच्या क्रेटमधून परत परत भरली गेली तर काच जिंकते.

कापडी पिशवीचंही तसंच. कापसाला पाणी, खत, औषध लागतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की हवामानावरच्या परिणामाचा विचार केला तर एका सुती पिशवीने पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायला ती १३१ वेळा वापरावी लागते. म्हणून लग्नसमारंभात, बँकेत, दुकानाच्या उद्घाटनात मिळालेल्या वीस कापडी पिशव्या कपाटात रचून ठेवणं हे काही पर्यावरणप्रेम नव्हे. दोन पिशव्या ठेवा, फाटेपर्यंत वापरा. जुन्या साडीची किंवा पँटची शिवलीत तर उत्तमच, कारण ते कापड आधीच तयार झालेलं असतं. आणि दुकानात मिळते ती कापडासारखी दिसणारी, कडक, रंगीत पिशवी हाताने चोळून पाहा. ती बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्याच धाग्यांची असते.

कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, नाहीतर चहा झिरपला असता. म्हणून तो रद्दीत जात नाही. टपरीवर काचेच्या ग्लासात चहा मागा. चहाही बरा लागतो.

आणखी एक बाजू विसरू नये. अन्न पिकवण्यापासून ताटात येईपर्यंत उष्णता धरून ठेवणारे जे वायू हवेत सुटतात, त्यांत वेष्टणाचा वाटा जगभराच्या सरासरीने सुमारे पाच टक्के आहे. शेती, जनावरं, जमीन यांचा वाटा कितीतरी मोठा. त्यामुळे पिशवी वाचवायच्या नादात पनीर खराब झालं, पावसाळ्यात सुट्या रव्याला जाळी झाली आणि तो टाकून दिला, तर हिशेब उलटा झाला. वेष्टणाने अन्न टिकत असेल तर ते त्याचं काम करतंय. खटकायला हवं ते सालीसकट केळी थर्माकोलच्या ट्रेमध्ये ठेवून वर प्लॅस्टिक गुंडाळणं.

पायरी ६: तिसऱ्या ढिगातली एकच गोष्ट निवडा

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. वहीतल्या तिसऱ्या रकान्यात ज्याचे नग सर्वांत जास्त, तेवढंच या महिन्यात हाताळा.

शाम्पूच्या पुड्या जास्त असतील तर मोठी बाटली आणा. बाटली पहिल्या ढिगात जाते. महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे काढणं ज्यांना जमत नाही त्यांना पुडीशिवाय पर्याय नसतो. त्यांच्याकडे बोट दाखवू नका, पुडी विकणाऱ्या कंपनीकडे दाखवा.

फरसाण-चिप्स जास्त असतील तर घराजवळच्या फरसाणवाल्याकडे स्टीलचा डबा घेऊन जा. आधी डब्याचं रिकामं वजन करून घ्यायला सांगा आणि काट्यावर ते वजा झालेलं स्वतः बघा, नाहीतर डब्याचे पैसेही शेवेच्या भावाने द्याल. गर्दीच्या वेळी, संध्याकाळी सात वाजता, डबा पुढे करू नका. दुपारी गेलात तर दुकानदार आनंदाने देतो. मटण-मासळीला आणि इडलीच्या पिठालाही डबा चालतो. किराणा सुटा देणारा वाणी जवळ असेल तर डाळ-तांदूळ त्याच्याकडून घ्या, पण चार महिन्यांचा एकदम भरू नका.

कुरिअर जास्त असतील तर मागवायच्या वस्तू आठवडाभर यादीत ठेवा आणि एकदाच मागवा. दहा मिनिटांत येणाऱ्या कोथिंबिरीच्या जुडीला कागदी पिशवी, तिच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, हा प्रकार खाली उतरून भाजीवालीकडे गेलं की आपोआप थांबतो. आलेल्या खोक्याची चिकटपट्टी सोलून काढा, खोका मोडून सपाट करा. न मोडलेल्या चार खोक्यांत भंगारवाल्याची हातगाडी भरते.

हॉटेलच्या पार्सलबरोबर चमचे, काटे, टिश्यू, सॉसच्या पुड्या नकोत असं आधीच लिहा. प्लॅस्टिकचे चमचे, काटे, स्ट्रॉ, थाळ्या, पेले यांच्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. मिठाईच्या खोक्यावर ताणून बसवलेली प्लॅस्टिकची फिल्मही त्याच यादीत आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. दिवाळीत मिठाई घेताना दुकानदाराला हे हसत हसत विचारून पाहा.

‘विघटनशील’ असं हिरव्या अक्षरांत छापलेल्या पिशवीवर लगेच भुलू नका. कंपोस्ट होणाऱ्या खऱ्या पिशवीवर आयएस १७०८८ या मानकाचा उल्लेख आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. त्या पिशव्याही मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेत कुजतात, गॅलरीतल्या कुंडीत नाही.

पायरी ७: जे उरतं त्याचं काय

काही गोष्टी उरणारच. तिसऱ्या ढिगातली थरांची पाकिटं कोरडी करून एकाच मोठ्या पाकिटात दाबून भरा. सुटी उडाली तर ती नाल्यात जातात. काही शहरांत ती वेगळी गोळा करून सिमेंटच्या भट्ट्यांत जळण म्हणून पाठवली जातात. हा काही आदर्श शेवट नाही, पण नाल्यापेक्षा बरा. गोळ्यांच्या पट्ट्या आणि मुदत संपलेली औषधं घातक कचऱ्यात वेगळी द्या. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे वेगळं करणाऱ्या माणसाला ते उघडून पाहावं लागणार नाही. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा.

आणि एक काम नक्की करा. तुमच्या दारातून कचरा नेणाऱ्या ताईंना किंवा काकांना थांबवून विचारा, “ताई, यातलं तुम्ही विकू शकता ते कोणतं? काय कसं दिलं तर सोपं पडेल?” या लेखातले तीन ढीग सर्वसाधारण आहेत, तुमच्या वॉर्डात काय खपतं हे त्यांना अचूक माहीत असतं. एखाद्या गावात डाळीच्या पिशव्यांना गिऱ्हाईक असतं, दुसऱ्या गावात नसतं. त्यांनी सांगितलं तसे वहीतले रकाने दुरुस्त करा.

वेष्टणाच्या पाठीवर ग्राहक सेवेचा पत्ता छापलेला असतो, त्याचाही उपयोग करा. प्लॅस्टिक वेष्टणात माल विकणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून मार्गी लावण्याची जबाबदारी कायद्याने आहे. ‘तुमच्या बिस्किटाचं पाकीट आमच्या गावात कोण घेतं?’ एवढंच विचारा. पंधरा घरांनी एकाच महिन्यात विचारलं तर कुणीतरी उत्तर शोधायला बसतं.

चार आठवड्यांनी पुन्हा गोणी लावा, पुन्हा ढीग करा. या वेळी वजनकाटा काढला नाहीत तरी चालेल. फक्त तिसऱ्या रकान्यातले नग जुन्या आकड्यांशेजारी लिहा आणि त्यातली पुढची वस्तू निवडा. गणपती-दिवाळीच्या महिन्यात मात्र हा ताळा करू नका. त्या महिन्याचे आकडे कुणाच्याच घरी जुळत नाहीत.